गच्चीवरचं सोलर: ऑन-ग्रिड घ्यावं की बॅटरीवालं?

नवतपा चालू होता, मे अखेरचे ते भाजणारे नऊ दिवस. आदल्या संध्याकाळच्या वादळात लोंबकळलेली कडुनिंबाची फांदी दुपारी दीडला तारेवर आली आणि गल्लीची लाइन गेली. माझ्या गच्चीवर ३ किलोवॅटचे पॅनल रखरखत्या उन्हात, आणि खाली कूलर बंद. मावशीने ओला पंचा डोक्यावर घेतला नि विचारलं, "काहून रे, तुझं सोलर कुठं गेलं?"

कुठंच गेलं नव्हतं. ऑन-ग्रिड इन्व्हर्टर महावितरणच्या लाइनला धरूनच चालतो. लाइन गेली की तोही आपोआप बंद पडतो. तसा पडला नाही तर गच्चीवरची वीज तारेत शिरेल आणि खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. म्हणजे हा बिघाड नव्हे, नियम आहे. विकणारे हे सांगतात, पण सही झाल्यावर.

तेव्हापासून मावसभाऊ, म्हणजे आमचा दादा, अडून बसला होता: "मी तर हायब्रीडच घेतो." हायब्रीड म्हणजे लाइनलाही जोडलेलं आणि बॅटरीवालंही. नागपुरात मानेवाड्याला त्याचं दुमजली घर आहे, आणि तिथंही ३ किलोवॅटच बसवायचं आहे. त्याच्यासाठी दोन्हींचा हिशेब मांडला, तोच इथं देतो.

आधी पैसा. आपल्याकडे १ किलोवॅट सरासरी दिवसाला ४ युनिट देतो, म्हणजे ३ किलोवॅटचे महिन्याला साधारण ३६० युनिट. २०२४ साली आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, असं ७८,००० रुपये अनुदान मिळतं. त्यापुढे कितीही किलोवॅट बसवा, अनुदान तेवढंच. हायब्रीडलाही ते मिळतं, फक्त बॅटरीचा खर्च त्यात धरत नाहीत. साधी ऑन-ग्रिड बसवणी दीड-दोन लाखांत होते. ५ युनिटांची लिथियम बॅटरी आणि हायब्रीड इन्व्हर्टर म्हटलं की त्यावर लाखभर तरी चढतो.

आता हा लाख बिलातून परत येतो का? नाही. नेट मीटर असलं की दुपारी उरलेले युनिट लाइनमध्ये जातात आणि रात्री तेवढे परत वापरता येतात. आर्थिक वर्ष संपेपर्यंत ते पुढच्या बिलात जमा होत राहतात. बॅटरी न घेताच साठवण झाली! स्वतःच्या बॅटरीत भरलेल्या दर १० युनिटांतलं एखादं भरण्या-काढण्यातच जातं. लाइन नसताना पंखा फिरावा, एवढ्यासाठीच बॅटरीवर पैसा घालायचा. "बिल शून्य करायला बॅटरी लागते" असं कोणी म्हणालं तर चहा पाजून वाटेला लावा.

मग लाइन नसताना काय चालतं? हायब्रीडच्या बॅकअपवर अख्खं घर टाकत नाहीत, निवडक वायरिंगच टाकतात. एक कूलर २०० वॅट, तीन पंखे, फ्रिज, दिवे मिळून ५००-६०० वॅट धरा. ५ युनिटांची बॅटरी त्यावर सात-आठ तास काढते, आणि दिवसा ऊन असलं तर भरतही राहते. एसी, गीझर, पाण्याचा पंप विसरा. उलट, जिन्याखाली असते ती इन्व्हर्टरची जुनी १५० एएचची ट्युब्युलर (लेड-ॲसिड) बॅटरी कागदावर १.८ युनिटांची असली तरी तिला निम्म्याखाली उतरवू नये, म्हणून हाती ०.९ च. तीन पंखे आणि दिवे तीन-साडेतीन तास. कूलर नाही. पण बहुतेक घरी ती आधीपासूनच आहे, आणि ऑन-ग्रिडसोबत ती आपली वेगळी चालत राहते. माझ्या मते नागपुरातल्या बहुतेक घरांना हीच जोडी पुरते.

बॅटरी घ्यायचीच तर 'लिथियम' एवढ्यावर मान डोलावू नका, एलएफपी आहे का ते विचारा. लोह-फॉस्फेटची ही जात १९९०च्या दशकात टेक्सासात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत सापडली (त्यांना २०१९ साली वयाच्या ९७व्या वर्षी नोबेल मिळालं). उष्णतेत ती इतर लिथियमपेक्षा शांत राहते आणि ट्युब्युलरच्या दुपटीहून जास्त वेळा भरते-उतरते. तरी तिला गच्चीवरच्या जिन्याच्या खोलीत ठेवू नका. मे महिन्यात तिथं भट्टी असते. लेड-ॲसिडचं तर १० अंश वाढले की आयुष्य निम्मं, असं गणित आहे.

पॅनलवरही वाद घालतात. मोनो पर्क ही ऑस्ट्रेलियात १९८०च्या दशकात निघालेली पॅनलमधल्या सेलची रचना, तर टॉपकॉन जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेने २०१३ साली मांडली. "नागपूरच्या उन्हाला टॉपकॉनच" हे विक्रेत्याचं आवडतं वाक्य. मोजून पाहू. पॅनलची क्षमता २५ अंशांवर लिहिलेली असते. बाहेर ४५ असताना पॅनल ७० अंशांवर जातो. पर्क दर अंशाला ०.३५ टक्के गमावतो, टॉपकॉन ०.३०. म्हणजे एकाची घट १६ टक्के, दुसऱ्याची साडेतेरा. ३ किलोवॅटवर हा फरक भरतो जेमतेम एका पंख्याएवढा. भाव सारखा असेल तर टॉपकॉन जरूर घ्या. अनुदानासाठी मात्र सेलही भारतात बनलेले लागतात, बाजारात त्याला डीसीआर म्हणतात. त्यात टॉपकॉन महाग पडत असेल तर पर्कवर समाधान माना. सिमेंट रोडची धूळ सकाळी पाण्याने धुतली नाही तर या अडीच टक्क्यांपेक्षा जास्त तीच खाईल. भर दुपारी धुऊ नका, तापलेल्या काचेवर गार पाणी नको.

घरात ऑक्सिजनच्या मशीनवर कोणी असेल किंवा दर आठवड्याला तासन्‌तास लाइन जात असेल, तर मी स्वतः हायब्रीड घेईन, हिशेब न करता.

दादाला एवढंच सांगितलं की महिनाभर लाइन गेली की वेळ लिहून ठेव. त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरवर जूनभर लिहिलं. पाच वेळा गेली, सगळ्यांत लांब चाळीस मिनिटं, तेही रविवारी. ऑन-ग्रिडचा अर्ज भरला. आता वाद पॅनलखालच्या स्ट्रक्चरच्या उंचीचा आहे: खालून वाळवणासाठी वाकून जावं लागलं तर कुरडया तूच घाल, असं मावशीने बजावलंय, म्हणून आठ फूट.