बौद्धिक संपदेचा पीजी डिप्लोमा : आठ महिने काढल्यावर

दिवसभर कोल्हापुरात कसबा बावड्याच्या कोर्टात वाटपाचे दावे आणि चेक बाउन्स, रात्री जेवण झालं की पेटंट नाहीतर कॉपीराइट. असे आठ महिने झाले. कोर्स एक वर्षाचा, दूरस्थ. पूर्णवेळ एलएलएमला बसायचं तर प्रॅक्टिस बंद ठेवावी लागली असती, ते जमणारं नव्हतं.

आधी रडगाणं. पुस्तकांचा गठ्ठा घरी आला, त्यात ट्रेडमार्कचं अपील अजून आयपीएबीकडेच, म्हणजे बौद्धिक संपदा अपील मंडळाकडेच, करायला सांगितलंय. ते मंडळ २०२१ मध्येच बरखास्त झालं, कामं हायकोर्टाकडं गेली. मी ईमेल केला, ‘नोंद घेतली’ एवढं उत्तर आलं. ऑनलाइन वर्ग शनिवारी संध्याकाळी, म्हणजे नेमके पक्षकार घरी यायच्या वेळेला.

पेटंटचा भाग मात्र मनापासून आवडला. कलम ३(डी) नुसतं वाचलं की कोरडं वाटतं. जुन्याच औषधाचं नवं रूप काढलं आणि त्यानं गुण वाढला नाही, तर पेटंट नाही, एवढंच. पण नोव्हार्टिसच्या ग्लिव्हेकचा २०१३ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल पूर्ण वाचला तेव्हा कळलं, त्या एका ‘गुण’ शब्दावर कॅन्सरच्या गोळीची किंमत कशी टांगलेली होती. तो निकाल वाचायला मला दोन रविवार लागले.

जीआयला म्हणजे भौगोलिक निर्देशांकाला (ठरावीक भागातल्या मालाच्या नावाचं संरक्षण) पुस्तकात जेमतेम बारा पानं. आणि आमच्या गावात लोक नेमकं तेच विचारतात! जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मिलानमधल्या शोमध्ये आपल्या कोल्हापुरी चपलांसारख्या चपला दिसल्या, त्यानंतर चप्पल लाईनमधल्या ओळखीच्या काकांनी मला धरलंच. “वकीलसाहेब, जीआय आपल्याकडं हाय न्हवं? मग केस का उभी ऱ्हाईना?”

तेव्हा मला धड उत्तर देता आलं नव्हतं. आता येतं. जीआय राखतो ते नाव, चपलेचा घाट नव्हे. ‘कोल्हापुरी’ असं न म्हणता कुणी तसाच घाट विकला, तर या कायद्यानं त्याला धरणं अवघड. घाटासाठी डिझाइनचा कायदा आहे, पण त्याला डिझाइन नवं लागतं, आणि आपली चप्पल तर पिढ्यान्‌पिढ्यांची. शिवाय नोंदणी महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर, दोन्हीकडचे चार-चार जिल्हे मिळून. म्हणूनच जुलै २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टानं प्राडाविरुद्धची जनहित याचिका फेटाळताना विचारलं, की नोंदणीचे मालक स्वतः का आले नाहीत? काकांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, “म्हंजे सातबारा आपल्या नावावरच न्हाई.” बारा पानांत एवढं सोपं कुठं लिहिलेलं नव्हतं. कारागिरानं ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून वेगळी नोंदणी करायची असते, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

कामाचं म्हणाल तर लक्षात ठेवा, हा डिप्लोमा केला म्हणून पेटंट एजंट, म्हणजे दुसऱ्यांसाठी पेटंटचे अर्ज करणारा, होता येत नाही. त्या परीक्षेला विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते. माझ्यासारख्या बीए एलएलबीवाल्याला ते दार बंद. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत असलेला इंजिनिअर मित्र ती परीक्षा देऊ शकतो, मी नाही! ट्रेडमार्कला मात्र वकिलीची सनद पुरते.

तिथंच पहिलं काम आलं. एका मसालेवाल्यानं आधी कुणाकडून तरी अर्ज भरून घेतला होता, नावात ‘कोल्हापुरी’ शब्द. ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या परीक्षण अहवालात ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ ची हरकत आली : हा शब्द मालाचं मूळ गाव सांगतो, एकट्याच्या मालकीचा कसा करणार? हरकत का आली हे कोर्समुळं लगेच कळलं. उत्तर कसं लिहायचं याचा नमुना मात्र आठ महिन्यांत एकदाही मिळाला नाही. शेवटी रजिस्ट्रीच्या साइटवर दुसऱ्यांचे अहवाल आणि त्यांना दिलेली उत्तरं वाचत बसलो. सगळी उघडी असतात, फुकट. कोर्स करा न करा, ती सवय लावा.

उत्तर एक महिन्याच्या मुदतीत गेलं. ‘कोल्हापुरी’ शब्दावर हक्क सांगत नाही, लेबल पूर्ण बघा, असं लिहिलंय. सुनावणीची तारीख अजून यायची आहे, आणि मसालेवाला दर सोमवारी फोन करतोय.