करिअर टेस्टमध्ये फक्त 'स्त्री'चं 'पुरुष' केलं आणि यादीच बदलली

लेकीसाठी ऑनलाइन इंटरेस्ट टेस्ट आणि समुपदेशनाचं पॅकेज घेतलं होतं, त्याचा अनुभव लिहितेय. पाचपैकी दोन स्टार. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हा घोळ एकाच कंपनीत असेल असं मला वाटत नाही.

चांगलं काय ते आधी. टेस्ट सुटसुटीत आहे, पाऊण तासात होते, मध्येच नेट गेलं तरी उत्तरं सेव्ह राहतात, भरलेली उत्तरं नंतर डाउनलोडही करता येतात आणि रिपोर्ट दुसऱ्याच दिवशी येतो. दोन स्टार त्याचे.

टेस्ट हॉलंडच्या सहा प्रकारांवर आहे, म्हणजे हाताने आणि यंत्रांवर काम करणारे, शोधाशोध करणारे, कलाकार, माणसांत रमणारे, धंदा-नेतृत्ववाले आणि नीटनेटकं ऑफिसचं काम आवडणारे. जॉन हॉलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1959 पासून हे मांडलं, आज बऱ्याच टेस्ट त्यावरच चालतात. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार प्रश्नांपासून सुरू होते. "इंजिन खोलून दुरुस्त करणे", आवडेल का? लेक थांबली, म्हणाली, "आई, मी कधी केलंच नाही तर मला काय माहीत?" आणि 'नाही' दाबलं. हीच पोरगी महिन्यापूर्वी बंद पडलेला मिक्सर उलटा करून बसली होती, स्क्रू एका वाटीत, कार्बन ब्रश झिजलेत हे स्वतः शोधलं, नवे बसवले आणि मिक्सर चालू केला. पण टेस्टमध्ये मिक्सर नाही, इंजिन आहे, आणि इंजिनाला हात लावायला तिला कोणी बोलावलंच नव्हतं. (आम्हीसुद्धा नाही, हे कबूल करते.) पुढचा प्रश्न "लहान मुलांना सांभाळणे", तिथे लगेच 'आवडेल', कारण धाकट्या भावाला ती त्याच्या जन्मापासून सांभाळतेय. म्हणजे आवड मोजताय की आजवर काय करायला मिळालं ते मोजताय?

निकाल व्हायचा तोच झाला, 'माणसांत रमणारे' सगळ्यात वर आणि 'यंत्र' तळाला. सेशनमध्ये समुपदेशक मॅडम म्हणाल्या, "मुलींचं असंच येतं, नैसर्गिक कल असतो, टीचिंग किंवा नर्सिंग बघा." लेकीने मेकॅनिकलचं विचारलं तर म्हणाल्या, फार दगदग असते आणि पुढे संसारही असतो. माझी सख्खी बहीण नर्स आहे, त्या कामाला कमी लेखायचा प्रश्नच नाही. पण पंधरा वर्षांच्या मुलीने मशीनचं विचारलं आणि उत्तर संसाराचं आलं, याचा मला खरंच राग आला. मुलाला विचारलं असतं का हे?

तेच बघायचं ठरवलं. पॅकेजमध्ये टेस्ट दुसऱ्यांदा द्यायची सोय होती. डाउनलोड केलेली उत्तरं समोर ठेवून एकेक तशीच भरली, फक्त लिंगाच्या रकान्यात 'पुरुष' टाकलं. सहाही गुण तेच आले, क्रमही तोच, आणि खालची करिअरची यादी मात्र वेगळी! आधी शिक्षिका, नर्स, बालवाडी. आता फिजिओथेरपिस्ट, खेळाचा कोच, हॉस्पिटल व्यवस्थापन.

मग मी या टेस्टचा इतिहास वाचायला घेतला आणि थक्क झाले. एडवर्ड स्ट्राँगने 1927 मध्ये पुरुषांसाठी इंटरेस्ट टेस्ट काढली, बायकांची वेगळी 1933 मध्ये आली, आणि पुढे वर्षानुवर्षं मुलग्यांना निळा फॉर्म आणि मुलींना गुलाबी. बरेच व्यवसाय दोन्हींपैकी कुठल्यातरी एकाच फॉर्मवर असायचे. दोन्ही फॉर्म एकत्र व्हायला 1974 उजाडलं. समुपदेशकांचंही तेच. 1971 च्या एका अभ्यासात शाळेतल्या समुपदेशकांना मुलींच्या मुलाखतींच्या टेप ऐकवल्या, तर इंजिनिअर व्हायचंय म्हणणाऱ्या मुलीलाच समुपदेशनाची जास्त गरज आहे असं त्यांना वाटलं! आमच्या मॅडम त्याच रांगेतल्या.

सरासरीत फरक दिसतो हे मी नाकारत नाही. 2009 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून बघितलं तेव्हा पुरुष वस्तूंच्या आणि बायका माणसांच्या कामाकडे जास्त झुकतात हे स्पष्ट दिसलं, आणि फरक लहान नव्हता. पण सरासरी माझ्या लेकीची नाही ना. आणि गुण कोणाशी ताडून बघता यावरही बरंच ठरतं. यंत्राच्या कामातले तिचे तेच गुण फक्त मुलींशी ताडले तर तिचा नंबर वर जातो, मुलगे-मुली एकत्र ताडले तर खाली. चांगला रिपोर्ट दोन्ही आकडे दाखवतो. आमच्या रिपोर्टमध्ये नुसते कच्चे गुण, कोणाशी ताडले का याचा एक शब्द नाही. प्रश्नही बदलता येतात, म्हणजे मुलं-मुली दोघांना साधारण सारखेच आवडतील असे प्रश्न निवडायचे, अशा टेस्ट 1970 च्या दशकापासून आहेत, म्हणजे हे अवघडही नाही.

पॅकेज घेण्याआधी त्यांना एवढं विचारा, लिंगाचा रकाना कशासाठी आहे आणि त्यावरून यादी बदलते का? मी दोन्ही रिपोर्ट जोडून मेल केला. उत्तर आलं, "यादी सिस्टीम आपोआप तयार करते." मी परत लिहिलं की सिस्टीमला यादी कोणीतरी दिलीच असेल ना, त्याला अजून उत्तर नाही. दुसरं सेशन बाकी होतं, ते लेकीने घ्यायला नकार दिला. त्या दिवशी तिने शिवणयंत्राची मोटर खोलली होती आणि ती परत लावायची होती.