व्हिडिओ उतरवायला गेले आणि एकवीस हजार गमावले

ही गोष्ट २०२४ च्या गणपतीच्या तोंडावरची. ७ सप्टेंबरला गणपती बसणार होते आणि पुण्यात धायरीतल्या आमच्या सोसायटीत मांडवाची, वर्गणीची धांदल चालू होती. त्या वर्षी उन्हाळ्यात बी विंगमधले आजोबा गेले. कित्येक वर्षं आमच्या गणपतीत अथर्वशीर्ष तेच सांगायचे आणि मुलं त्यांच्या मागून म्हणायची. २०१२ सालचा त्यांचा अकरा मिनिटांचा एक व्हिडिओ सोसायटीच्या यूट्यूब चॅनलवर होता. पहिल्या दिवशी आरतीनंतर तो हॉलमधल्या टीव्हीवर लावायचा ठरलं. आजी समोर बसणार होत्या. ते काम मी अंगावर घेतलं.

मूळ फाइल असलेली हार्ड डिस्क केव्हाच बंद पडली होती. हॉलमध्ये इंटरनेट नाही, त्यामुळे व्हिडिओ पेन ड्राइव्हवरच न्यायला हवा होता. शेजारच्या मुलाने कुठून तरी उतरवून (डाउनलोड करून) दिलेली फाइल लावली, तर टीव्हीवर 'फॉरमॅट सपोर्टेड नाही' एवढंच आलं. फाइल वेबएम प्रकारची होती, आतला व्हिडिओ व्हीपी९ या पद्धतीने साठवलेला. आमच्या जुन्या टीव्हीला एमपी४ प्रकारची फाइल आणि त्यात एच.२६४ पद्धतीचा व्हिडिओ लागतो. हे मला पुष्कळ नंतर समजलं. त्या रात्री एवढंच कळलं होतं की फाइल 'कन्व्हर्ट' करायला हवी.

मी गूगलवर शोधलं आणि सगळ्यात वर आलेल्या नावावर क्लिक केलं. त्यावर बारीक अक्षरांत 'स्पॉन्सर्ड' लिहिलं होतं, म्हणजे ती पैसे देऊन वर आणलेली जाहिरात होती. मी ते वाचलंच नाही. साइटवर शंभर टक्के मोफत म्हटलं होतं. सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घेतलं, लिंक टाकली. व्हिडिओ उतरला, पण तीन मिनिटांवर थांबला, आणि त्या तीन मिनिटांतही आजोबांच्या चेहऱ्यावरून कंपनीचं नाव आडवं छापलेलं होतं. मला ते बघवेना. तेवढ्यात चौकट उघडली: पूर्ण व्हिडिओ हवा असेल तर आयुष्यभराचं लायसन्स २,४९९ रुपयांत, सवलत संपायला पंधरा मिनिटं. घड्याळ उलटं चालत होतं. मध्ये नेट गेलं, पान पुन्हा उघडलं, तर घड्याळ परत पंधरापासून सुरू. हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि तरी पैसे भरले.

मेलवर लायसन्सचा नंबर आला. टाकला तर 'इनव्हॅलिड'. चार वेळा टाकला. त्याच खिडकीत खाली हेल्पलाइनचा नंबर होता, तो मी लावला.

इथून पुढचं नीट वाचा. सॉफ्टवेअरमध्ये माझे अडीच हजार गेले, पण खरं नुकसान या फोनने केलं.

पलीकडचा माणूस हिंदीत, अत्यंत अदबीने बोलत होता. आधी त्याने लॅपटॉपवर स्क्रीन बघू देणारं एक अ‍ॅप टाकायला लावलं आणि नऊ आकडी कोड विचारून घेतला. माउसचा बाण आपोआप फिरायला लागला. पाच मिनिटं त्याने इकडेतिकडे केलं आणि म्हणाला, "मॅडम, तुमचं लायसन्स सर्व्हरवर अडकलंय, मी पैसे परत करतो." परताव्यासाठी फोनवरचं यूपीआय अ‍ॅप उघडायला सांगितलं, एक आयडी दिला आणि म्हणाला, "रकमेच्या रकान्यात रिफंड कोड टाका, एक-आठ-पाच-शून्य-शून्य." मी टाकला. "आता पिन टाकून कन्फर्म करा." मी पिन टाकला. १८,५०० रुपये गेले.

यूपीआयचा पिन लागतो तो पैसे देताना. पैसे घ्यायला पिन लागत नाही, काही स्कॅन करावं लागत नाही, कुठला कोड टाकावा लागत नाही. हे मला माहीत होतं. आईला मीच शिकवलं होतं. पण रात्रीचे साडेदहा वाजलेले, दोन दिवसांवर गणपती, आणि अडीच हजार परत मिळताहेत या घाईत माझं लक्ष आकड्यावर गेलंच नाही. त्याने 'रक्कम' हा शब्दही उच्चारला नव्हता, तो 'कोड'च म्हणत राहिला.

मेसेज आल्याबरोबर मी फोन कापला आणि वाय-फाय बंद केलं. माझा भाचा ओंकार वारज्याला राहतो, त्याला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, रडू नकोस, आधी १९३० लाव." हा केंद्र सरकारचा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर. त्यांना व्यवहाराचा नंबर, वेळ, बँकेचं नाव दिलं, मग त्याच रात्री सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार नोंदवली आणि बँकेलाही कळवलं. दुसऱ्या दिवशी सगळे कागद घेऊन पोलिसांकडे गेले. पिन मीच टाकलेला, त्यामुळे बँक भरपाई देणार नव्हती. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे तेव्हा ग्राहकाच्या चुकीने गेलेले पैसे ग्राहकाचेच जायचे, मात्र बँकेला कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेने सोसायचं होतं. म्हणून लाजेपोटी सकाळपर्यंत थांबू नका. लवकर तक्रार केल्यामुळे समोरच्या खात्यात शिल्लक असलेले ७,२०० रुपये गोठवले गेले. बऱ्याच खेपा घालून ते मिळाले. बाकीचे गेले. मंडळाच्या वर्गणीतला एक रुपयाही मी त्यात धरला नाही.

ओंकार सकाळी आला. लॅपटॉप नेटला न जोडता त्याने त्या सॉफ्टवेअरचं फोल्डर उघडून दाखवलं. आत एक फाइल होती, एफएफएमपेग. तो म्हणाला, "व्हिडिओ बदलण्याचं सगळं काम ही फाइल करते. ही फुकट मिळते, २००० सालापासून." वरची रंगीत खिडकी आणि ते घड्याळ, एवढ्याचेच मी अडीच हजार मोजले होते. फॉरमॅट बदलायला हँडब्रेक नावाचं सॉफ्टवेअर मोफत आहे, व्हिडिओ बघायच्या व्हीएलसी प्लेयरमध्येही ती सोय असते. उतरवण्यासाठी जाणकार लोक वायटी-डीएलपी वापरतात, तेही मोफत. मात्र दुसऱ्याचा व्हिडिओ असा उतरवणं यूट्यूबच्या नियमांत बसत नाही, आणि दुसऱ्याच्या मेहनतीचा असेल तर ते योग्यही नाही.

मग लॅपटॉप पूर्ण पुसून विंडोज नव्याने घातलं आणि मेलचे, बँकेचे सगळे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलले. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड त्या माणसाने त्या पाच मिनिटांत पाहिले नसतील, याची खात्री कोण देणार?

मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. यातलं काहीच करायची गरज नव्हती. चॅनल आमच्याच सोसायटीचं, आणि ते ज्याने उघडलं तो आता कॅनडात असतो. ओंकारने त्याला मेसेज केला. त्याने स्वतःच्या अकाउंटमधून गूगल टेकआउट, म्हणजे गूगलवर ठेवलेल्या आपल्या फाइल परत उतरवून घ्यायची सोय, लावलं आणि संध्याकाळपर्यंत आजोबांचा व्हिडिओ आमच्याकडे आला, एमपी४ मध्ये, कुणाचंही नाव न छापलेला. चॅनल आपलं असेल तर यूट्यूब स्टुडिओतूनही, म्हणजे चॅनल सांभाळायच्या यूट्यूबच्या पानावरूनही, व्हिडिओ उतरवता येतो. एक मेसेज आधी केला असता तर!

अशी सॉफ्टवेअर घेताना नाव थेट त्यांच्या मूळ साइटवर जाऊन तपासा, जाहिरातीतून जाऊ नका. मूळ साइटही कधी दगा देते: मे २०१७ मध्ये हँडब्रेकचा एक डाउनलोड सर्व्हर फोडून मॅकसाठीच्या फाइलमध्ये व्हायरस घातला होता. म्हणून साइटवर फाइलचा चेकसम (फाइलमध्ये बदल झालाय का ते ओळखायचा अक्षर-आकड्यांचा कोड) दिलेला असेल तर तो जुळवून बघा, नाहीतर जाणत्या मुलाकडून बघून घ्या. 'ऑनलाइन कन्व्हर्टर' म्हणवणाऱ्या फुकट साइटवर फाइल चढवतानाही जपा. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेच्या डेन्व्हर कार्यालयाने नेमका याबद्दलच इशारा दिला होता: फाइल बदलून मिळते, पण सोबत व्हायरसही येऊ शकतो.

गणपती बसले. आरती झाली, दिवे मंद केले आणि आजोबांचा आवाज हॉलमध्ये घुमला. आजींनी डोळे मिटून शेवटपर्यंत सगळं सोबत म्हटलं.

पुढच्या महिन्यात मला पुन्हा एक फोन आला. समोरचा म्हणाला, "मॅडम, मी सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे १८,५०० सापडलेत, फक्त प्रोसेसिंगचे ९९९ रुपये भरा." रक्कम त्याला बरोबर माहीत होती. मी फोन कापला, नंबर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर, संशयित फोन कळवायच्या 'चक्षू' विभागात नोंदवला आणि खालच्या नोटीस बोर्डावर १९३० मोठ्या अक्षरांत लिहून लावला.