दोन हुकांचा फुल बॉडी हार्नेस: वस्तू चांगली, पण लावायची कुठे?

उंचीवर काम करताना पडू नये म्हणून बांधायचा कमरेचा साधा बेल्ट अजूनही काही बांधकामाच्या साइटवर दिसतो. तो बाद करा. माणूस पडला की सगळा हिसका कमरेवर आणि मणक्यावर बसतो. त्याऐवजी आयएस 3521 या भारतीय मानकाची खूण असलेला, दोन हुकांचा आणि शॉक ॲब्सॉर्बरचा हार्नेस, म्हणजे खांदे, छाती आणि मांड्यांना धरणारा पट्ट्यांचा साज, घ्यावा.

दोन हुक कशाला, तर परांचीवर सरकताना एक अडकलेला राहतो तोवर दुसरा पुढे लावता येतो. दुकानात आधी हुकाचं तोंड बघा. परांचीच्या पाइपचा बाहेरचा व्यास सुमारे 48 मिलिमीटर असतो. हुक त्याहून लहान निघाला, की कामगार दोरी पाइपाभोवती गुंडाळून हुक त्याच दोरीत अडकवतात. हिसका बसला की दोरी काचते आणि हुकाचं गेट, म्हणजे त्याची उघडझाप होणारी दांडी, आडवा भार खातं. स्वस्त मालात ही खोड हमखास सापडते.

ॲब्सॉर्बर म्हणजे घडी घालून शिवलेला पट्टा. पडताना त्याचे टाके क्रमाने उसवतात आणि हिसका कमी होतो. एकदा उसवला की तो बाद. वरचं प्लास्टिक फाटलं म्हणून चिकटपट्टी लावून पुन्हा वापरात आणलेले पाहायला मिळतात, त्यांना हातही लावू नये. मोकळा हुक छातीच्या किंवा पाठीच्या लोखंडी कडीत अडकवून ठेवायची सवयही घातक आहे. पडताना भार ॲब्सॉर्बरला वगळून त्या मोकळ्या हुकाच्या दोरीवरून थेट अंगावर येतो. हुक ठेवायला पट्ट्यावर वेगळा लूप असतो, तो वापरा.

आता खरी अडचण. 1.8 मीटरची दोरी, ॲब्सॉर्बर पूर्ण उघडल्यास आणखी पावणेदोन मीटर, पाठीच्या कडीपासून पायापर्यंत दीड मीटर, वर एक मीटर राखीव. म्हणजे हुक जिथे अडकवला तिथून खाली सहा मीटर मोकळी जागा हवी. पहिल्या स्लॅबच्या कडेला तीन मीटरवर काम चाललंय आणि हुक पायाशी, तर हार्नेस घालूनही माणूस जमिनीवर आदळणार. तिथे कठडा लावा, नाहीतर डोक्यावर टांगलेला रिट्रॅक्टेबल ब्लॉक (दोरी आपोआप आत ओढणारी आणि हिसका बसताच अडकणारी पेटी) वापरा. दोन्ही हार्नेसबरोबर येत नाहीत, वेगळे घ्यावे लागतात. हुक शक्यतो डोक्याच्या वर अडकवावा, आणि तोही सळईत किंवा प्लंबिंगच्या पाइपात नव्हे.

पाठीची कडी दोन्ही खांद्यांच्या मध्ये यायला हवी. मांडीच्या पट्ट्यातून सपाट हात सरकावा, मूठ नको. सैल असेल तर माणूस लोंबकळताना पट्टे मांडीत रुततात. शुद्धीवर असला तरी त्याला लवकर खाली घ्यावं लागतं, म्हणून शिडी आणि माणसं आधीच ठरवून ठेवा.

रोज पट्टा वाकवून चिरा, जळके ठिपके आणि तुटके टाके तपासा. वेल्डिंगची ठिणगी पॉलिएस्टर वितळवते. थिनरने डाग काढू नका, साध्या साबणाने धुऊन सावलीत वाळवा.

पैशाचं म्हणाल तर, 2020 ची व्यावसायिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. सुरक्षेच्या साधनांचा खर्च कामगाराकडून वसूल करायला तिच्यात मनाई आहे. पगाराच्या चिठ्ठीवर ‘बेल्ट’ म्हणून कपात दिसली, तर ती चिठ्ठी जपून ठेवावी.