रेफरन्स आधी, रेझ्युमे नंतर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

नोकरीच्या शोधात रेफरन्सची, म्हणजे आपल्या कामाबद्दल नव्या कंपनीला सांगू शकणाऱ्या माणसांची, आठवण सहसा शेवटी होते. मुलाखती पार पडतात, ‘तीन रेफरन्स उद्यापर्यंत पाठवा’ असा एचआरचा मेल येतो आणि मग जुन्या साहेबांचा नंबर शोधायची धावाधाव. आठ महिने वापरलेली ही पद्धत उलटी चालते. आधी माणसं पक्की करायची, मग रेझ्युमेला हात लावायचा. सामान किरकोळ आहे: रेफरन्सचं वेगळं पान, सगळी कामं नोंदलेला एक मोठा रेझ्युमे, कव्हर लेटरचा साचा आणि अर्जांची एक्सेल शीट. हे उभं करायला दोन शनिवार-रविवार सहज जातात.

सर्वांत जास्त उपयोग झाला तो रेफरन्सच्या पानाचा. पाच जणांना विचारून ठेवायचं, एका अर्जाला तिघांचीच नावं द्यायची. तिघांत एक तरी थेट वरिष्ठ हवा, रोजचं काम पाहिलेला. मोठ्या हुद्द्यावरचे, पण फक्त लिफ्टमध्ये भेटलेले साहेब फोनवर दोन वाक्यांत संपतात. उरलेले दोघे सहकारी किंवा क्लायंट. उमेदवार नवखा असेल तर प्रोजेक्टचे मार्गदर्शक चालतात. नातेवाईक नकोत, आडनाव वेगळं असलं तरी.

विचारायची पद्धतही महत्त्वाची. ‘रेफरन्स द्याल का?’ म्हटलं की माणूस भिडेखातर हो म्हणतो. ‘माझ्या कामाबद्दल मोकळेपणानं चांगलं सांगता येईल का? अडचण असेल तर तसं सांगा’ असं विचारलं की खरं उत्तर मिळतं. ‘बघू’, ‘दे नाव, त्यात काय’ हे नकारच समजावेत. फोनवर विचारणारा शब्दांइतकाच आवाजातला अडखळा ऐकत असतो.

होकार आला की प्रत्येकाला एक छोटा मेल: जाहिरात, पाठवलेला रेझ्युमे, फोन साधारण कधी आणि कोणाकडून येईल ते, आणि आठवण करून देणारे तीन मुद्दे. ‘मेहनती आहे असं सांगा’ हा मुद्दा नव्हे. ‘वर्षअखेरच्या साठामोजणीत जुने आणि नवे कोड एकमेकांत मिसळले होते, तेव्हा दोन्ही याद्या मी जुळवून दिल्या होत्या’ हा मुद्दा. फोन कोणाचा येणार हे आधी सांगितलं नाही तर अनोळखी नंबर म्हणून तो कट होतो, मेल स्पॅममध्ये पडतो आणि तिकडे ‘संपर्क झाला नाही’ अशी नोंद होते.

तरीही बिनसतं, आणि कारणं बहुतेक वेळा क्षुल्लक असतात. साहेबांनी नोकरी बदलली की कंपनीचा मेल आयडी बंद पडतो. म्हणून खासगी मेल आणि सध्याचा हुद्दा दर तीन महिन्यांनी विचारून घ्यायचा. काही कंपन्यांत वरिष्ठांना बोलायची परवानगी नसते, एचआर फक्त तारखा आणि हुद्दा सांगतं. अशा ठिकाणी रेझ्युमेवरच्या तारखा नोकरी सोडताना मिळालेल्या रिलीव्हिंग लेटरशी महिन्यासकट जुळायला हव्यात. एजन्सीमार्फत काम केलं असेल तर पगार देणारी कंपनी वेगळी आणि कामाची जागा वेगळी असते. रेझ्युमेवर फक्त कामाची जागा लिहिली तर पडताळणीत ‘असा कर्मचारी नोंदीत नाही’ असं उत्तर जातं. दोन्ही नावं लिहिली की प्रश्न मिटतो. सध्याच्या कंपनीशी संपर्क साधू का, असा रकाना फॉर्मात असेल तर घाईत ‘हो’वर टिक करू नये, राजीनाम्याआधीच बातमी फुटते.

रेफरन्सची नावं रेझ्युमेवर छापायची नाहीत. ‘मागितल्यास देऊ’ ही ओळही जागा खाते. पान द्यायचं ते शेवटच्या फेरीनंतरच, नाहीतर एकाच माणसाला महिन्यात चार फोन जातात आणि चौथ्या फोनला त्यांचा सूर उतरलेला असतो. कोणाचं नाव कुठे दिलं, ते शीटमध्ये टिपून ठेवायचं.

शिफारसपत्र हवं असेल तर नोटीस पिरियडमध्येच मागावं; नंतर लेटरहेड मिळत नाही. त्यात किती काळ, कोणत्या नात्यानं काम पाहिलं आणि एखादा ठोस प्रसंग असावा. साहेब हमखास म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ अशा वेळी मुद्दे द्यावेत, पूर्ण पत्र नको. पत्र आणि कव्हर लेटर एकाच हातचं असेल तर त्याच त्याच शब्दांवरून वाचणाऱ्याला ते लगेच कळतं.

मोठा रेझ्युमे कोणालाच पाठवायचा नसतो. तो पाच-सहा पानांचा कोठार. त्यातून जाहिरातीला लागेल तेवढं काढून एक-दोन पानं करायची. जाहिरातीतल्या अटी दोन रंगांत: हव्याच अशा, आणि असल्या तर बरं अशा. पहिल्या रंगातल्या प्रत्येक अटीला रेझ्युमेत एक ओळ सापडली पाहिजे, आणि ती खरी असेल तर शब्दही जाहिरातीतलेच वापरावेत. ‘गोदामाचा हिशेब पाहिला’ या ओळीतून काही कळत नाही. ‘३ गोदामांतला साठा दर शनिवारी मोजून नोंदींशी ताळा, तफावत २ दिवसांत निकाली’ यातून काम डोळ्यांसमोर येतं. असे आकडे नोकरीत असतानाच टिपलेले बरे. गोपनीय असतील तर रक्कम न लिहिता प्रमाण लिहावं.

पाठवण्याआधी एक तपासणी चुकवू नये. पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करायचा. दोन रकान्यांची सुबक मांडणी असेल तर तिथे तारखा एकीकडे आणि हुद्दे दुसरीकडे गेलेले दिसतात. अर्ज छाननीचं सॉफ्टवेअरही तसाच गोंधळ घालू शकतं. स्कॅन केलेल्या पानातून काहीच कॉपी होत नाही. आणि युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर तिथे निव्वळ रोमन अक्षरांची खिचडी होऊन पडतो.

कव्हर लेटर २५० ते ३०० शब्दांचं पुरे. मागच्या अर्जाचं पत्र उघडून बदलायचं नाही, कारण कुठेतरी जुन्या कंपनीचं नाव राहतंच. साच्यात कंपनी आणि पदाच्या जागी ### ठेवायचं आणि पाठवण्याआधी तेच चिन्ह शोधायचं. एकही सापडता कामा नये.

शीटचे रकाने सुरुवातीला चौदा होते, टिकले सहाच: तारीख, पद, रेझ्युमेची कोणती प्रत, कोणाचा रेफरन्स, पुढची तारीख, निकाल. सोबत जाहिरात पीडीएफ करून ठेवायची, कारण मुलाखतीची वेळ येईपर्यंत लिंक बंद पडलेली असते. पाठपुरावा एकदाच, आठ-दहा दिवसांनी, मूळ मेलच्याच धाग्यात.

तक्रार एकच, पण मोठी: वेग. नीट केलेला एक अर्ज दीड-दोन तास खातो. नोकरी सुटलेली आहे आणि रोज वीस अर्ज टाकायचेत अशा माणसाला हे जमणार नाही. त्यांनी निदान रेफरन्सचं पान आणि नोटपॅडची तपासणी एवढं तरी उचलावं. मनासारख्या दोन-तीन जागांसाठी पूर्ण पद्धत आणि बाकीच्यांना नेहमीचा रेझ्युमे, अशी वाटणी चालते.