पाळकाच्या दारी डबेवाला: डिसेंबरात घेतलेल्या डब्याबद्दल

आधीच सांगते, मी पाळकाची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूची, बायको आहे आणि हा डबा माझ्यासाठी नव्हता. आमच्या साहेबांसाठी होता. जेवण परळच्या एका ताईंच्या घरचं, आणि ते भायखळ्याला आणून देणारे मुंबईचे डबेवाले. आगमनकाळ (नाताळाआधीचे चार रविवार येतात तो काळ) सुरू झाला तेव्हा, म्हणजे 2025च्या नोव्हेंबरअखेरीस, लावला आणि अजून चालू आहे.

पाळकाच्या घरी डिसेंबरात खाण्याचे हाल होतात असं म्हटलं तर आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायका माझ्या अंगावर येतील. घरात पाय ठेवायला जागा नसते इतके डबे येतात. करंज्या, कुलकुल, चकल्या, रव्याचे लाडू, तीन-चार घरचे केक. नसतं ते जेवण. सकाळी आजाऱ्यांच्या भेटी, दुपारी संडेस्कूलच्या नाटिकेची तालीम (मेंढपाळ कोण होणार यावरून आयांची भांडणं, ती सोडवायलाही हेच), संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थना आणि रात्री तरुणांबरोबर कॅरल. भायखळ्याहून माझगाव, शिवडी, लालबाग करत घरी यायला पहाट. त्यात शिवडीच्या कबरस्तानात दफनविधी असला की दुपारही गेली. आणि जिथे जातील तिथे ताटलीत करंजी. नाही म्हटलं तर माणसं मनाला लावून घेतात.

यांना शुगर आहे. गोळी अशी की ती घेऊन वेळेवर जेवलं नाही तर साखर झपकन उतरते. मागच्या नाताळाआधी एका आजींच्या घरी प्रार्थना करता करता यांचे हात थरथरायला लागले, कपाळावर घाम. आजींच्या सुनेने कुलकुलची बरणीच पुढे केली म्हणून सावरलं. डॉक्टर मला म्हणाले, गोड कमी करा हे नंतर बघू, आधी दुपारचं जेवण चुकवू नका. मी शाळेत शिकवते. नाताळच्या कार्यक्रमाचं काम डिसेंबरात माझ्याही गळ्यात असतं, तेव्हा दुपारी घरी येऊन वाढणं शक्य नाही.

फोनवरून जेवण मागवून पाहिलं. कंपनीचं नाव घेत नाही. मागवायची आठवण यांना राहायला हवी, तिथेच गाडी अडते. मी शाळेतून मागवायचे, तर पोऱ्या फाटकाशी येऊन फोन करणार आणि हे कुणाच्या तरी उशाशी डोळे मिटून उभे. जेवण फाटकावर गार.

डबेवाल्याची गंमत ही की तो विचारत नाही. परळहून निघालेला डबा लोकलने भायखळ्याला उतरतो, तिथून सायकलवर, आणि पाऊणच्या आत कार्यालयाच्या टेबलावर. झाकणावर रंगाने काढलेली अक्षरं नि आकडे: कुठल्या स्टेशनात उतरवायचा, कुठल्या पत्त्यावर द्यायचा. महादू हावजी बच्चे यांनी 1890 मध्ये हे काम सुरू केलं तेव्हापासूनचा शिरस्ता: भरलेला डबा दुपारी, रिकामा डबा त्याच दिवशी परत. हा परत जाणारा डबा माझ्या फार कामाचा निघाला. डबा ताईंच्या हातात पोचला की मला त्यांचा मेसेज: ‘भाकरी अर्धीच खाल्ली हो साहेबांनी.’ शाळेत बसल्या बसल्या मला सगळं कळतं. एकदा सलग काही दिवस डबा अगदी चाटूनपुसून परत जात होता, तेव्हाच मला शंका आली. विचारलं तर आमचा वॉचमन म्हणाला, ‘मेथी छान होती, बाई.’ मग वॉचमनसाठीही एक डबा लावून टाकला.

आमचे डबेवाले मावळातले, गळ्यात तुळशीची माळ. पहिल्या दिवशी दारात ‘माउली, डबा’ म्हणाले, आणि तेव्हापासून आमच्या चर्चच्या आवारात पाळकसाहेबांना माउली म्हणणारा एक माणूस आहे. यांना ते मनापासून आवडलंय. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचे अभंग आमच्या उपासनेत गायले जातातच, तेव्हा खटकणार कुणाला? यांनी त्यांना सांगितलं, तुमच्यातले दोघं 2005 साली चार्ल्सच्या लग्नाला इंग्लंडला गेले, तो आता राजा आहे आणि चर्च ऑफ इंग्लंडचा प्रमुखही. ते म्हणाले, ‘असंल. रिकामा डबा द्या, गाडी चुकंल.’

जेवणाबद्दल. ज्वारीची भाकरी पातळ, दुपारपर्यंत मऊ राहते. पालकाची ताकातली भाजी उत्तम. कुळथाचं पिठलं तर मी यांच्यासाठी कधी इतकं चांगलं केलेलं नाही, हे लिहून टाकते. उसळीत तेल जास्त असायचं, सांगितल्यावर कमी झालं. भाताची वाटी लहान द्या म्हटलं, ती मात्र अजून मोठीच येते. ताई मार्गशीर्ष पाळतात, म्हणून सुरुवातीचे आठवडे मासे नाहीत. ते चाललं असतं, पण गुरुवारी नैवेद्याचा शिरा डब्यात असायचाच. शुगरचं सांगून पाहिलं. ‘प्रसादाला काय होतंय?’ करंजीवाल्या बायका आणि या ताई, कुणाला काय समजावणार! तो शिरा मी वॉचमनच्या डब्यात वळवला. मार्गशीर्ष संपला आणि 24 तारखेला, बुधवारी, बांगड्याचं तिखलं आलं. त्या रात्रीची मध्यरात्रीची उपासना यांनी पोटभर जेवून आणि तासभर झोपून घेतली. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच.

मोठी अडचण रविवारची. डबेवाल्यांना रविवारी सुट्टी, आणि पाळकाचा सगळ्यात जड दिवस तोच. आगमनकाळाचे चारही रविवार डब्याविना. मी महिला मंडळात उभी राहिले आणि म्हटलं, या महिन्यात करंजी नको, रविवारी आळीपाळीने भाकरी नि एक वाटी उसळ द्या. ‘पाळकसाहेबांना उसळ? नाताळात?’ असं एकीने विचारलंच. मग मी बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याची गोष्ट काढली, पहिले राजे, एकोणिसावा अध्याय. रतामाच्या झुडपाखाली तो मरण मागत झोपला, तेव्हा देवदूताने त्याला बोधवचन सांगितलं नाही, निखाऱ्यावर भाजलेली भाकर दिली. तीही दोनदा. त्यानंतर भाकऱ्या यायला लागल्या. आता सगळ्यांच्याच यायला लागल्या, हा भाग वेगळा.

पाळकाने स्वतःची काळजी घ्यावी म्हणून शिबिरं होतात, पुस्तिका वाटतात. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, नाताळानंतर दोन दिवस सुट्टी, सगळं खरं. पण ते सगळं यांनीच लक्षात ठेवून यांनीच करायचं असतं, आणि डिसेंबरात यांच्या डोक्यात स्वतःखेरीज सगळी मंडळी असते. डबा आठवणीवर चालत नाही, म्हणून तो टिकला.

पैसे: जेवणाचे दिवसाला 120 रुपये. पोचवण्याचे महिन्याचे वेगळे, डबेवाल्याच्या हातात. अंतर नि वजन बघून ते ठरतात, तेव्हा आमचा आकडा तुमच्या उपयोगाचा नाही, स्वतः विचारा. लॉकडाउननंतर डबेवाले कमी झालेत, तुमच्या भागात कुणी आहे का ते आधी बघा. डबा स्टीलचाच घ्या.

पाचपैकी चार. एक गुण रविवारचा कापला.

18 फेब्रुवारी 2026ला राखेचा बुधवार, तिथून ईस्टरआधीचा उपवासकाळ, म्हणजे पुन्हा हीच धावपळ. तेव्हाही डबा चालू ठेवणार. फक्त मार्च-एप्रिलात गावच्या जत्रेसाठी डबेवाले काही दिवस सुट्टी घेतात. ती पवित्र आठवड्यात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, येते का, हे आमच्या माउलींना विचारलंय. ‘गावाला फोन करून सांगतो’ म्हणालेत.