यूएसबी वाय-फाय अडॅप्टर: छापील वेगापेक्षा सोबतची केबल मोलाची

घरच्या डेस्कटॉपवर वाय-फाय सतत तुटत असेल आणि त्याच टेबलावर ठेवलेल्या मोबाईलवर मात्र इंटरनेट सुरळीत चालत असेल, तर दोष राउटरपेक्षा संगणकाकडेच असण्याची शक्यता अधिक असते. याच कारणाने मी संगणकातील जुन्या वाय-फाय कार्डाऐवजी २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही बँडवर (रेडिओ लहरींच्या पट्ट्यांवर) चालणारा, 'एसी १२००' प्रकारचा (एसी ही वाय-फायची एक पिढी) यूएसबी अडॅप्टर घेतला.

यातील १२०० हा आकडा फारसा मनावर घेऊ नये. दोन बँडच्या कमाल वेगांची, म्हणजे ३०० आणि ८६७ मेगाबिटची, बेरीज करून तो वर ओढलेला असतो आणि अडॅप्टर एका वेळी एकाच बँडला जोडला जातो.

खरी जमेची बाजू आहे ती अडॅप्टर पोर्टपासून लांब ठेवता यावा म्हणून सोबत मिळणारी यूएसबी एक्स्टेंशन केबल. अडॅप्टर कॅबिनेटच्या मागच्या यूएसबी ३.० पोर्टमध्ये थेट खोचला तेव्हा २.४ गिगाहर्ट्झवर साधी पानेही रखडत होती. एक तर अँटेना पत्रा आणि भिंत यांच्या सांदीत अडकतो. शिवाय यूएसबी ३.० वरून माहिती जाताना होणारा रेडिओ गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पसरतो, याविषयी इंटेलने २०१२ मध्ये सविस्तर टिपण काढले होते. माझ्याकडे तर शेजारच्याच पोर्टला बाहेरची हार्ड डिस्क जोडलेली होती. केबल लावून अडॅप्टर टेबलावर आणताच रखडणे थांबले. बरेच जण ही केबल खोक्यातच राहू देतात, हे नवलच म्हणायचे.

ड्रायव्हर, म्हणजे अडॅप्टर चालवणारे सॉफ्टवेअर, सीडीवर देण्याचा कंपनीचा हट्ट मात्र अनाकलनीय आहे, कारण आजच्या बहुतेक संगणकांत सीडी ड्राइव्हच नसतो. शेवटी मोबाईलचे इंटरनेट यूएसबीने जोडून ड्रायव्हर उतरवून घ्यावा लागला. संगणक स्लीपमधून उठल्यावर अडॅप्टर कधीकधी गायब होत असे, तेही विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमधील पॉवर मॅनेजमेंटच्या टॅबवर जाऊन, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची मुभा देणाऱ्या पर्यायावरची खूण काढल्यावर थांबले.

राउटर आणि संगणक यांच्यामध्ये दोन-तीन जाड भिंती असतील, तर ५ गिगाहर्ट्झकडून फार अपेक्षा ठेवू नये. मोबाईलचेही इंटरनेट तुटत असेल, तर हा अडॅप्टर घेऊन काहीच साधणार नाही. आणि राउटर संगणकाच्याच खोलीत असेल, तर हा खर्च न करता सरळ लॅन केबल जोडावी.